चिंदेच्या चिंध्या : १९२० च्या मॅन्युअलचं काम कुठवर आलं

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं तेव्हा माझं जुनं पुस्तक कसर मारायला फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी पडलं होतं, आता बाहेर आलंय. दोन पिशव्या एकात एक, हवा दाबून काढलेली, पूर्ण दोन आठवडे. घरात "हे नक्की काय आहे" हा प्रश्न रोज एकदा यायचा. काढल्यावर लगेच पिशवी उघडायची नाही, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवा. गार पुस्तकावर दव धरतं आणि कसर मारायला जाऊन बुरशी घेऊन बसाल. मी रात्रभर तसंच टेबलावर ठेवलं, सकाळी उघडलं. दोन मेलेल्या कसरी कण्याच्या फटीत सापडल्या, जिवंत एकही नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुस्तक म्हणजे 'अ मॅन्युअल ऑफ पोर्तुगीज ईस्ट आफ्रिका', १९२० चं, ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातल्या भूगोल शाखेने तयार केलेलं. पोर्तुगीज ईस्ट आफ्रिका म्हणजे आजचं मोझांबिक. कथा-बिथा काही नाही, नद्या, बंदरं, रस्ते, रेल्वे, हवामान, शेती असा सगळा कोरडा माल, आणि मला तोच आवडतो. माझ्या प्रतीवर जांभळ्या शाईचा पुसट शिक्का आहे, त्यातलं फक्त 'बॉम्बे' वाचता येतं. रद्दीवाल्याने "नकाशावालं जुनं पुस्तक" म्हणून दिलं, मी भाव केला नाही, उगाच त्याला शंका यायला नको.

या महिन्यात मुख्य काम सेलोटेप काढायचं. कुणीतरी फार वर्षांपूर्वी सात-आठ पानं टेपने चिकटवली होती, टेप पिवळी पडून काचेसारखी झालेली आणि डिंक कागदात मुरलेला. हेअर ड्रायर अगदी कमी गरम ठेवून, पातळ पातं आडवं सरकवत, एका पानाला पाऊण तास. घाई केली की अक्षरं टेपबरोबर वर येतात (एका ओळीचं 'ऑफ' गेलं, सांगून टाकतो). उरलेला चिकटा क्रेप रबराने गोळ्या करत काढला. डाग राहिलेत, राहू देत. तपकिरी ठिपक्यांनाही हात लावलेला नाही, ब्लीचच्या भानगडीत मी पडत नाही.

आता खरी गोष्ट. सगळ्यात जास्त फाटलेली पानं निघाली चिंदे बंदराची. पोर्तुगीज लोक त्याचा उच्चार शिंद असा काहीतरी करतात पण मी चिंदेच म्हणणार, कारण पानांच्या खरंच चिंध्या झाल्यात.

चिंदे म्हणजे झांबेझीच्या मुखांपैकी एक. १८८९ साली कळलं की या फाट्यातून जहाज आत नेता येतं, आणि मग न्यासालँडला, म्हणजे आजच्या मलावीला, जायचा तोच दरवाजा झाला. १८९१ च्या करारानंतर पोर्तुगीजांनी तिथे इंग्रजांना एक तुकडा भाड्याने दिला, तिथे समुद्रावरच्या जहाजातून माल उतरवायचा, मागे चाक असलेल्या नदीतल्या बोटींवर चढवायचा आणि झांबेझी आणि मग तिला मिळणारी शिरे नदी करत वर न्यायचा, पोर्तुगीजांची जकात न भरता. १९१५ पर्यंत वरून ब्लँटायरची रेल्वे नदीकाठी चिंदिओपर्यंत पोचली होती, पण चिंदिओ ते समुद्र मात्र बोटच. म्हणजे हे पुस्तक छापलं तेव्हा चिंदे जोरात.

आणि मग फेब्रुवारी १९२२ मध्ये चक्रीवादळ आलं आणि चिंदे उद्ध्वस्त झालं. त्याच वर्षी बेरा बंदराकडून झांबेझीपर्यंतची ट्रान्स-झांबेझिया रेल्वे सुरू झाली, माल बेऱ्याला वळला, आणि चिंदेचं काम संपलं. पुस्तक १९२० चं, बंदर १९२२ ला आडवं! नौदलाच्या माणसांनी इतकी मेहनत केली आणि शाई वाळते न वाळते तोच बिचाऱ्यांची पानं शिळी. मला मात्र म्हणूनच ती आवडतात. नदीवरचा पूल तर १९३५ चा, त्यामुळे तो यात नसणारच, तरी पहिल्या दिवशी मी अडाण्यासारखा तो शोधत बसलो होतो.

वाचताना एक त्रास होतो तो सांगतो. 'मोझांबिक' या एका शब्दाचे निदान चार अर्थ आहेत, अख्खी वसाहत, तो जुना बेटावरचा गाव (१८९८ पर्यंत राजधानी तिथेच), त्याभोवतीचा जिल्हा, आणि वर मोझांबिक कंपनी, जिच्याकडे मनिका-सोफालाचा कारभार १९४२ पर्यंत होता. उत्तरेला न्यासा कंपनी वेगळीच. म्हणून वहीत चार रंगांच्या पेनांनी खुणा करतोय. शेवटच्या पानावर जुनी-नवी नावं : लोरेन्सो मार्किस म्हणजे मापुतो, पोर्तो अमेलिया म्हणजे पेंबा, व्हिला पेरी म्हणजे शिमोयो. पन्नासेक झालीत.

आणि गोव्याच्या लोकांसाठी थोडं अवांतर. १७५२ पर्यंत या वसाहतीचा कारभार गोव्याहूनच चालायचा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मनिका-गोरोंगोझाचा इतिहास वाचायला घेतलात तर 'गौवेया' हे नाव भेटेल, तो मानुएल आंतोनियो दे सौझा, गोव्यात जन्मलेला, तिकडे जाऊन स्वतःचं सैन्य बाळगून राज्य करणारा, १८९२ ला मारला गेला. त्याच्यावर कधीतरी सविस्तर लिहीन, इथे घुसडलं तर विषय पळेल.

तर चिंदेची पानं. मैद्याची खळ केली, एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी, मंद गॅसवर सतत हलवत, मग गाळणीतून दोनदा. जपानी टिश्यू, म्हणजे फाटलेल्यावर चिकटवायचा पातळ पण चिवट कागद, कात्रीने कापायचा नाही, ब्रशने पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. पहिल्या पानाला खळ पातळ झाली. पाणी पसरलं, कागद पापडासारखा फुगला आणि काठाला तपकिरी ओल उमटली. हात थरथरले खरं सांगतो. मग पूर्ण पान हलकं फवारून समान ओलं केलं, वरखाली बटर पेपर आणि टिपकागद, आणि वर वजन. दुसऱ्या दिवशी सपाट झालं होतं, ओलीची रेघ फिकट झालीये पण आहे. बाकी पानांना खळ इतकी घट्ट ठेवली की ब्रश उभा राहील, आणि ती छान बसली.

उरलंय ते म्हणजे सुटलेला एक फर्मा (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) परत शिवायचा, मेण लावलेला दोरा आणलाय, जुन्याच भोकांतून नेणार. कण्याचं कापड पूर्ण बदलायचं नाही, खाली नवीन पट्टी सरकवून जुनं वर बसवायचा विचार आहे. नव्या पट्टीचा रंग जुन्याशी मिळता ठेवू की थोडा गडद, कुणी केलं असेल तर सांगा, माझं मत गडदकडे झुकतंय, दुरुस्ती दिसली पाहिजे.

सध्या चिंदेची शेवटची दोन पानं आईच्या पाट्याखाली आहेत. गुरुवारपर्यंत हलवायचा नाही असं तिला सांगून ठेवलंय, तोवर चटणी मिक्सरमध्ये.