अंदाज बदलला की चूक होती?

मागच्या इयर-एंडची गोष्ट आहे, पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी सीए आहे, पुण्यात बसून युरोपातल्या वीज कंपन्यांची प्रोव्हिजन मॉडेल्स, म्हणजे पुढच्या खर्चासाठी आज किती तरतूद दाखवायची त्याची गणितं, तपासते. त्यातली एक कंपनी अणुवीजवाली, तिची एक भट्टी कायमची बंद झालेली. बंद भट्टी पाडणं, किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट, जागा मोकळी करणं हे सगळं काही दशकं चालतं आणि त्याचे पैसे आजच ताळेबंदात देणं म्हणून दाखवावे लागतात. लोकांना वाटतं खर्च म्हणजे कापाकापीच. तसं नाही. खर्च मांडायचा आंतरराष्ट्रीय साचा आहे, ११ मुख्य गटांचा, तो उघडून बघितलात तर कापाकापीच्या शेजारी नुसतं सांभाळण्याचा खर्च दिसेल, कुंपण, पहारा, व्हेंटिलेशन, इन्शुरन्स, रेडिएशन मोजणारी माणसं, दरवर्षी, काम पुढे सरको न सरको.

तिथल्या इंजिनिअर लोकांचं काम बघून मला खरंच आदर वाटला. प्रत्येक पाइप, काँक्रीटचा प्रत्येक टन, त्याला किती माणसं किती तास लागणार, सगळं मोजलेलं. आणि शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, सर्व रकमा आजच्या किमतीत.

तिथेच अडलं. आमच्या मॉडेलमधला डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या खर्चाची आजची किंमत काढायला धरलेला व्याजदर, ४ टक्के होता, सरकारी बाँडवरून घेतलेला, म्हणजे महागाई त्यात आधीच आलेली. खर्च महागाई सोडून आणि रेट महागाई धरून, हे चालतच नाही. दोन्ही धरा नाहीतर दोन्ही सोडा. ६० वर्षांनी करायचं आजच्या भावाने १०० रुपयांचं काम घ्या, महागाई २ टक्के धरा, तर त्यासाठी आज साधारण ३१ रुपयांची तरतूद दिसायला हवी. आमच्या शीटच्या पद्धतीने साडेनऊ यायचे. जवळच्या वर्षांना फरक थोडा पडतो, शेवटच्या टप्प्यांना हा एवढा. रात्री आठला सापडलं, मी तीनदा वेगळ्या शीटवर करून बघितलं आणि मगच सरांना फोन केला.

सर म्हणाले, "अगं, तीन वर्षं हेच मॉडेल पास होतंय."

हे उत्तर मला आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट उत्तर वाटतं. तीन वर्षं तिघांनी मागच्या वर्षीची फाइल पुढे ओढली, एवढाच त्याचा अर्थ.

हे कळल्यावर क्लायंट, म्हणजे ती कंपनी, तापला. का तेही सांगते. भट्टी चालू असती तर वाढलेली प्रोव्हिजन प्लांटच्या किमतीत मिळवून पुढच्या वर्षांत घसाऱ्यातून हळूहळू खर्ची टाकता आली असती. बंद प्लांटला ती सोय नाही, अख्खी वाढ त्याच वर्षीच्या नफ्यातोट्यात. तरी आकडा त्यांनी शेवटी मान्य केला, त्याबद्दल तक्रार नाही. भांडण झालं ते शब्दावर. "अंदाजातला बदल" म्हटलं की परिणाम या वर्षापासून पुढे दाखवायचा. "चूक" म्हटलं आणि ती मोठी असेल तर मागचे छापलेले आकडे दुरुस्त करून पुन्हा द्यायचे. क्लायंटचं म्हणणं, रेट म्हणजे जजमेंटचा विषय, दरवर्षी बदलतोच.

रेट बदलतो हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये न्यूक्लिअर डीकमिशनिंग अथॉरिटीची, म्हणजे जुने अणुप्रकल्प मोडीत काढणाऱ्या सरकारी संस्थेची, प्रोव्हिजन २०१५-१६ मध्ये सुमारे ७० अब्ज पौंडांवरून १६१ अब्जांवर गेली, मुख्य कारण एवढंच की तिथल्या अर्थखात्याने लांबच्या मुदतीचा महागाई वगळलेला रेट २.२ टक्क्यांवरून उणे ०.८ केला. तो अंदाजातला बदल, कारण रेटच नव्याने ठरवला गेला होता. आमच्याकडे रेट बदललेला नव्हता, कोपऱ्यातली ओळ तीन वर्षं तिथेच होती आणि कुणी वाचली नव्हती. हा फरक मी दोन दिवस मीटिंगमध्ये सांगत होते.

त्याच शनिवारी बोईसरला घरी गेले. बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात होते, १९६९ साली सुरू झालेल्या भट्ट्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांनी विचारलं, आपल्याकडे भट्टी पाडायचे पैसे कसे ठेवतात गं? सांगितलं, अणुविजेच्या दरात युनिटमागे २ पैसे घेतात. मग दोघांनी कागदावर मांडलं, १६० मेगावॅटची भट्टी वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालली तर ११२ कोटी युनिट वीज, म्हणजे सव्वादोन कोटी रुपये. पुरतील का, म्हणाले. मी म्हटलं ते व्याज आणि महागाई काय धरतो त्यावर आहे. "म्हणजे तुम्ही धराल तसं?" एवढंच बोलले आणि चहा घेतला. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

सोमवारी वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे तपासणीच्या नोंदीत, मी "चूक" असंच लिहिलं. रिव्ह्यूमधून ते "इनपुटमधील विसंगती" होऊन परत आलं. मी परत "चूक" केलं, ते परत बदललं गेलं, आणि फायनल टिपेत "पद्धतीत सुधारणा" असं छापलं. डेडलाइन त्या रात्रीची होती. आकडा बरोबर आहे ना, मग कशाला ताणतेस, असं सर म्हणाले आणि मी तयार करणारीच्या जागी सही केली.

आकडा बरोबरच आहे. पण मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट वाचून ज्यांनी त्या कंपनीला कर्ज दिलं त्यांना हे कधी कळणार, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.