गाडीचे ऑइल नेमके जाते कुठे?

मागच्या पावसाळ्यात कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरून पोफळीजवळ आलो आणि सपाट रस्ता लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला, तोच मागून येणाऱ्या मेहुण्याने हॉर्न वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावली. "दाजी, तुमच्या गाडीने आत्ता निळा धूर सोडला," असे त्याने सांगितले. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले होते. सर्व्हिसिंग होऊन जेमतेम १,५०० किलोमीटर झाले होते. वरच्या खुणेपर्यंत यायला ९०० मिलिलिटर ऑइल लागले. माझ्या गाडीत एकूण तीन लिटरच्या आसपास ऑइल बसते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाला होता आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा एकदाही लागला नव्हता.

या दिव्याबद्दल आधी लिहायलाच हवे, कारण माझ्यासह अनेकांचा समज चुकीचा असतो. बहुतेक गाड्यांत तो लाल दिवा ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. चेंबरमधले, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतले ऑइल इतके कमी होते की वळणावर ते एका बाजूला सरकते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि दाब पडतो, तेव्हा दिवा लागतो. तोवर बेअरिंगांना आणि कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) पुरेसे ऑइल मिळेनासे झालेले असते. म्हणून चालत्या गाडीत तो लागला तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचारही करू नये. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

परत आल्यावर गॅरेजमध्ये निदान झाले ते असे: गाडी ऑइल खाते, पिस्टनभोवतीच्या, ऑइल वर जाऊ न देणाऱ्या रिंगा गेल्या आहेत, इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधावे लागेल, नाहीतर तूर्त जाड ऑइल टाकून चालवा. चौदा वर्षांची गाडी असल्यामुळे हे खरेही असू शकत होते. तरीही एवढा खर्च करण्याआधी मी थोडा वेळ मागून घेतला आणि एक वही केली. जाड ऑइलाचा सल्ला मला पटला नाही. त्याने धूर थोडा कमी दिसतो, पण थंड इंजिन सुरू करताना ते वरपर्यंत पोहोचायला वेळ घेते आणि बिघाड आहे तिथेच राहतो. मी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ५डब्ल्यू-३० या जाडीचेच ऑइल ठेवले.

ऑइल दोनच वाटांनी जाते: बाहेर गळते किंवा आत जळते. बाहेरची वाट शोधायला मी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर रुपयाएवढे दोन डाग दिसले. मग इंजिन बाहेरून धुऊन घेतले, दोन दिवस गाडी चालवली आणि टॉर्च लावून वरून खाली पाहत गेलो, कारण ऑइल खाली ओघळते, वाऱ्याने मागे पसरते आणि सर्वांत ओली दिसणारी जागा क्वचितच गळतीचे मूळ असते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या मागच्या कडेला पॅकिंग पाझरत होते. सिग्नलला थांबल्यावर येणारा जळका वास त्याचाच होता. ते बदलले. पुढच्या ५०० किलोमीटरला मात्र २५० मिलिलिटर ऑइल तरीही कमी झाले. आधीच्या हिशेबाने ३०० झाले असते. बाहेरची गळती अगदीच थोडी होती.

उरलेले जळत होते आणि ते कुठून जळते हे धूर कधी दिसतो यावरून बरेच कळते. रिंगा झिजल्या असतील तर चढावर, भार देताना धूर सतत येतो. माझ्या गाडीचा धूर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना आणि घाट उतरल्यावर येत होता. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटलेला असल्याने आत जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्याजवळचे सील कडक झाले असेल तर ती ओढ तिथून ऑइल खाली खेचते. पायथ्याशी पाय दाबला की साठलेले सगळे एकदम जळते. मी हे दुसऱ्या एका मिस्त्रींना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब तपासला, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासला. रिंगा गेल्या असत्या तर दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वर चढला असता. तो फारसा हलला नाही.

व्हॉल्व्ह सील बदलण्याचे काम मी शेजारी उभा राहून पाहिले. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनचा वरचा भाग उतरवला नाही. कॅमशाफ्ट काढल्यावर प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये सोडली आणि पिस्टन हळूहळू वर आणला. दोरी दाबली गेली आणि तिच्या आधाराने व्हॉल्व्ह जागेवर राहिले, नाहीतर स्प्रिंग काढताच ते आत पडले असते. स्प्रिंग व्हॉल्व्हला धरून ठेवणारी इवलीशी लॉके चुंबकाने उचलून एका वाटीत ठेवली जात होती. जुने सील माझ्या हातात दिले, ते नखाने दाबले तरी दबत नव्हते, बटणाच्या प्लॅस्टिकसारखे झाले होते. नवे सील बोटात मऊ लागत होते. अशी सोळा सील बदलली. पहिल्या गॅरेजने इंजिन बांधायला सांगितलेल्या खर्चाच्या पाचव्या भागात काम झाले.

मोजण्याची माझी रीत साधी आहे: एकच सपाट जागा, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटे, आणि वहीत तारीख, किलोमीटर व भरलेले ऑइल. वरच्या खुणेपेक्षा जास्त मात्र भरू नये. क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो. दुचाकीवाल्यांनी तर पट्टी अधिक वेळा पाहावी, कारण पुष्कळ मोटारसायकलींत जेमतेम लिटरभरच ऑइल असते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकते, म्हणून हेडखालचे गॅस्केट तपासून घ्यावे, पण पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्यांनी नुसती वाफ धरूनही तशी साय येते, म्हणून कूलंटची पातळी घटते आहे का हेही पाहावे.

सील बदलल्यावर २,००० किलोमीटर झाले आहेत आणि पट्टीवरची रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी खाली आली आहे. गिअरबॉक्सच्या बाजूचे क्रँक सील थोडे घामेजते, पुठ्ठ्यावर आठवड्याला एखादा थेंब पडतो. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे क्लचचे काम निघेल तेव्हाच ते करायचे, असे मिस्त्रींशी बोलून ठरवले आहे.