रिक्षाच्या हुडापासून कार कव्हरच्या धुलाईपर्यंत : आमची वाटचाल

शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, रिक्षाचे हूड, ट्रकची ताडपत्री आणि मोटरसायकलच्या सीटा. पुढं घरोघरी चारचाकी आल्या, पार्किंग मात्र बहुतेकांचं रस्त्यावरच, मग मी आणि धाकट्या भावानं कार कव्हर शिवायला घेतली. कोल्हापुरात कव्हर लागतंच. फौंड्रीची बारीक लोखंडी धूळ, गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमणीतनं उडणारी काळी राख, आणि जूनपासनं जो पाऊस लागतो तो लागतोच.

धंदा चांगला चालला, पण कव्हरं लवकर परत यायला लागली. शिलाई शाबूत, इलॅस्टिक ढिलं, आणि आतलं चंदेरी कोटिंग सोलून काळ्या गाडीच्या बॉनेटवर डोक्यातल्या कोंड्यासारखं पडलेलं. वडील कव्हर हातात घेऊन उजेडाकडं धरायचे आणि लगेच सांगायचे, हे उन्हानं नाही, धुऊन गेलंय. विचारलं की कळायचं, दगडावर आपटलंय, नाहीतर कपडे धुवायच्या कडक ब्रशनं घासलंय, कुणी गरम पाण्यात सोडा टाकून रात्रभर भिजत घातलंय. माणसं गाडी जपायला कव्हर घेतात आणि कव्हर जपायचं कसं हे त्यांना कोणीच सांगत नाही, याचं वडिलांना फार वाटायचं. त्यातनं धुलाईचं काम सुरू झालं, मागच्या मोकळ्या जागेत सिमेंटचा उथळ हौद बांधला आणि वर पत्र्याची शेड घातली.

पद्धत अजून वडिलांचीच आहे. कव्हर आधी कोरडंच झटकायचं, दोघांनी चार टोकं धरून. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि आपल्याकडं तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण लोखंडी धूळ ओली झाली की गंजते, तिचे तांबूस डाग पडतात आणि घासली की कापड सोलवटतं. मग कमी प्रेशरच्या पाइपनं पाणी मारायचं. पक्ष्यांची घाण वाळलेली असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून द्यायचं, ती आपोआप सुटते, नखानं खरवडायची नाही. साधं गार पाणी, थोडं सौम्य लिक्विड आणि मऊ स्पंज. ब्लीच अजिबात नाही, आणि कपड्याला वास यावा म्हणून शेवटी टाकतात ते कंडिशनर तर त्याहून नाही, त्याचा थर कापडावर बसतो आणि पाणी ओघळून जायचं ते मुरायला लागतं. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं, कारण राहिलेला साबण पुढच्या पावसात थेट पेंटवर उतरतो.

मशीनमध्ये टाकू का, असं रोज कोणीतरी विचारतं. घरातल्या टॉप लोड मशीनमध्ये मधला दांडा असेल तर नकोच, कव्हर त्याला पीळ घालून बसतं आणि आरशाच्या खिशाची शिवण पहिली उसवते. पिळायचं तर हातानंही नाही. बांबूवर पसरून सावलीत निथळू द्यायचं, आधी आतली बाजू वर, मग उलटायचं. आणि इस्त्री, ड्रायर विसरा, तीन पदरी कव्हर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचं असतं, ते 160 अंशाच्या आसपास वितळतं पण त्याच्या बरंच आधी आकसायला लागतं.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर आला, त्यानंतर गाळानं माखलेली कव्हरं नुसती ढिगानं आली. तेव्हा साबणाला हातच लावायचा नाही असं ठरवलं, नुसतं वाहतं पाणी, ते स्वच्छ निघेपर्यंत, मगच लिक्विड. बरीचशी वाचली. जी ओली घडी करून ठेवलेली होती ती काळ्या बुरशीनं गेली, तिथं कुणाचंच काही चालत नाही. 2021 च्या पुरानंतर मात्र लोक पाणी उतरलं की लगेच आली, दुकानात उभं राहूनच विचारायची, दादा घडी घातली नाहीये, तसंच आणलंय.

आता शिलाई भाऊ बघतो, धुलाई मी आणि वहिनी. नवीन कव्हर देताना आम्ही धुवायची रीत पावतीच्या मागं छापून देतो, आणि घरी नीट धुणाऱ्याला आमच्याकडं यायची गरज नाही हेही तोंडावर सांगतो. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो म्हणून तेवढं कव्हर मे महिन्यातच आणा, शेडमध्ये एका वेळी मावतात तेवढीच घेतो, ओलं कव्हर कुणाला परत देत नाही.