ओझरला उतरून किल्ल्यांवर जाणाऱ्यांसाठी

नाशिकचा ओझर येथील विमानतळ आता खऱ्या अर्थाने चालू लागला आहे, हे पूर्ण खरे आहे. तो डोंगरांच्या जवळ आहे, हे मात्र अर्धेच खरे आहे, आणि ज्या अर्ध्यात ते खोटे ठरते नेमके त्यातच आम्ही तिघे सापडलो. मी स्वतः पंचवटीत वाढलेला, नोकरीमुळे बरीच वर्षे बंगळुरूत राहणारा. बरोबर मावसभाऊ आणि त्याच्या ऑफिसातला एक मित्र. डिसेंबरात हरिहर, कळसूबाई आणि साल्हेर करायचे, असा बेत होता. तिघांनाही चढायची सवय आहे, त्यामुळे दम किती लागतो, बूट कोणते घालावेत, पाणी किती न्यावे याविषयी येथे काही लिहीत नाही. लिहायचे आहे ते विमानातून उतरल्यानंतरच्या रस्त्याविषयी.

ज्यांच्याकडे पहिल्या रात्रीची खोली घेतली होती, त्यांनी फोनवर छातीठोकपणे सांगितले होते की विमानतळापासून त्र्यंबक पाऊण तासावर आहे. मी नाशिकचा असून या बोलण्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. लहानपणापासून ओझर म्हणजे डोक्यावरून कानठळ्या बसवत जाणारी मिग विमाने, एवढीच आमची ओळख. तिथे कधी प्रवासी म्हणून उतरायचे आहे, असा विचारही मनाला शिवलेला नव्हता, आणि त्यामुळे ओझर शहराच्या कोणत्या अंगाला आहे आणि त्र्यंबक कोणत्या, ही शाळकरी पोरालाही सांगता येईल अशी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ओझर ईशान्येला, आग्रा रोडवर, शहरापासून वीसेक किलोमीटर. त्र्यंबक पश्चिमेला, शहरापासून अठ्ठावीस-तीस किलोमीटर. मध्ये सगळे नाशिक. हरिहरच्या पायथ्याचे निरगुडपाडा गाव त्र्यंबकच्याही पुढे, म्हणजे धावपट्टीपासून सत्तर किलोमीटरांच्या आसपास. आणि कळसूबाईचे बारी गाव घोटीमार्गे ऐंशीच्या वर.

या विमानतळाची घडण थोडी समजून घेतली तर पुढचा घोळ कळायला सोपे जाईल. ही धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी नाही. ती हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे. मिग विमाने बांधण्यासाठी १९६४ मध्ये येथे कारखाना आला, पुढे सुखोई आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाची कंपनीची तिसरी उत्पादन साखळीही येथेच सुरू झाली. प्रवासी टर्मिनल २०१४ साली उभे राहिले आणि त्यानंतर बराच काळ ते चकाचक आणि रिकामे असे दोन्ही होते. डिसेंबर २०१७ मध्ये छोटी शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेखाली मुंबई आणि पुण्याची छोटी विमाने सुरू झाली, ती टिकली नाहीत. नंतर एकेक कंपनी आली आणि गेली. येथून शारजाला शेळ्या-मेंढ्या गेल्या, त्याचीच तेव्हा गावात जास्त चर्चा होती. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली आणि त्यानंतर घडी बसली; दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, इंदूर, गोवा अशी नावे फलकावर दिसू लागली. २०२७ च्या सिंहस्थाकडे डोळे लावून २०२५ मध्ये दुसऱ्या समांतर धावपट्टीलाही मान्यता मिळाली. वाढ झाली आहे, यात वादच नाही. मात्र ती सगळी तारेच्या कुंपणाच्या आतली आहे. कुंपणाबाहेर प्रवाशाला कोणी न्यायचे, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर पडून आहे ते देव जाणे.

विमान वेळेत उतरले, सामान दहा मिनिटांत हातात आले. टर्मिनल लहान असल्याचा हा एक निखळ फायदा आहे. बाहेर आलो तर उन्हात पाच-सहा गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे भाव आधीच ठरलेले होते, म्हणजे आपसात. निरगुडपाड्यापर्यंत पहिल्याने साडेचार हजार मागितले. दुसऱ्यानेही साडेचार हजारच. कारण विचारले तर उत्तर एकच, की परत रिकामे यावे लागते, म्हणून परतीचे भाडेही तुम्हीच द्यायचे. मोबाइलवरच्या टॅक्सीने तीन वेळा होकार दिला आणि तिन्ही वेळा चालकाने फोन करून कुठे जायचे ते विचारून घेतले आणि फेरी रद्द केली. पाऊण तास असा गेला. शेवटी एक जण दीड हजारांत नाशिकपर्यंत सोडायला तयार झाला, तेव्हा सुटलो असे वाटले.

टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे आणि तेथून आग्रा महामार्गावरच्या दहाव्या मैलापर्यंत पाच-सहा किलोमीटरांचा रस्ता आहे. हा तुकडा मी विसरणार नाही. दहाव्या मैलाशी आल्यावर गाडी बाजूला थांबली आणि चालकाने शांतपणे सांगितले की तीन मोठ्या सॅक असल्यामुळे दीड हजारांत नाशिक जमणार नाही, दोन हजार दोनशे होतील, नाहीतर येथे उतरा. सॅक काही त्याला वाटेत दिसल्या नव्हत्या. त्यानेच त्या डिकीत ठेवल्या होत्या. मावसभाऊ तापला, मी पंचवटीची भाषा काढली, आणि शेवटी सातशे रुपये त्याच्या हातावर ठेवून आम्ही महामार्गाच्या कडेला धुळीत उतरलो. पाच-सहा किलोमीटरांना सातशे रुपये. हिशेब केला तर विमानाच्या तिकिटाला किलोमीटरमागे जे पडले त्याच्या कितीतरी पट.

तेथून पुढे मात्र सगळे सरळ होते आणि हेच जास्त चिडवणारे आहे. पिंपळगाव, चांदवड, मालेगावकडून नाशिकला येणाऱ्या एसटी गाड्या याच महामार्गाने जातात. दहा मिनिटांत एक थांबली, कंडक्टरने सॅककडे पाहून फक्त कपाळाला आठ्या घातल्या आणि माणशी शंभराच्या आत आम्ही शहरात आलो. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, त्र्यंबकची गाडी धरली, तर त्या रस्त्यावरही कुंभाच्या तयारीची कामे चाललेली, जागोजागी एकेरी वाहतूक. खोलीवर पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. बंगळुरूहून ओझर दोन तासांच्या आत आणि ओझरहून त्र्यंबक साडेचार तास. यजमानांनी दारातच हसून ‘काय, लवकर आलात’ असे म्हटले, ते त्यांचे नशीब की मी फार थकलो होतो.

हरिहरविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्या उभ्या पायऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत आणि पायऱ्या फोटोत दिसतात तशाच आहेत. कातळातल्या खोबणी हाताला चांगल्या लागतात, अडचण उंचीची नसून गर्दीची आहे. वरून उतरणारा आणि खालून चढणारा एकाच पायरीवर समोरासमोर आले की दोघांनाही मागे जाता येत नाही. शनिवार-रविवारी जाऊ नका. गर्दीच्या आणि पावसाच्या दिवसांत वन विभाग प्रवेश थांबवतो, तेव्हा आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. दुसऱ्या दिवशी घोटीमार्गे बारी गाठून कळसूबाई केले. १६४६ मीटर, लोखंडी शिड्या, वर देवीचे देऊळ, वारा. छान झाले.

येथे माझे स्पष्ट मत लिहून ठेवतो. हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी, कळसूबाई, भंडारदरा यांतले काहीही करायचे असेल आणि ओझरचे तिकीट मुंबईपेक्षा फारसे स्वस्त नसेल, तर ओझरला उतरू नका. मुंबईला उतरून रेल्वेने इगतपुरी किंवा कसारा गाठा. इगतपुरीहून घोटी आणि घोटीहून बारीकडे जाणारी एसटी ही जुनी, खात्रीची वाट आहे. गाडी करून जाणार असाल तर जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला आहे, आणि कसारा घाटातली जुनी रखडपट्टी त्यामुळे टळते. मी नाशिकचा असून हे लिहितो आहे, यावरून माझा राग किती असेल याचा अंदाज यावा; राग थोडा कमी झाला तरी हे मत बदलेल असे वाटत नाही.

मधले दोन दिवस मामाकडे गेले. मिसळ, झोप, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, एक फेरी.

त्यानंतर साल्हेर, आणि येथून गोष्ट उलटी होते. मामांच्या ओळखीतला दिंडोरीचा एक जीपवाला मिळाला. त्याने आम्हाला नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी, कळवण, ताहाराबाद, मुल्हेर असे वाघांबेला नेले आणि वाटेत सहज म्हणाला की तुम्ही विमानाने आलात तर सरळ जानोरीहूनच मला का बोलावले नाही, ओझरच्या विमानतळाची ही बाजू तर दिंडोरी तालुक्यातच येते. मी नकाशा उघडून पाहिला आणि गप्प बसलो. सप्तशृंग गड, धोडप, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, अचला-अहिवंत, आणि बागलाणातले साल्हेर-मुल्हेर-मांगीतुंगी, म्हणजे सातमाळा आणि सेलबारी-डोलबारीची सगळी रांग, शहराच्या उत्तरेला, धावपट्टीच्याच अंगाला आहे. नाशिक शहरात शिरण्याचीच गरज नाही. आम्ही विमानतळाच्या पाठीला पाठ लावून उभे होतो आणि डोंगर दूर आहेत म्हणून ओरडत होतो.

साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचे नाव आले. वाघांबेहून वर चढले की साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत येतो, आणि तेथून उजवा-डावा करत कोरीव पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, कातळात खोदलेल्या गुहा, मग गंगासागर तलाव. वर परशुरामाचे छोटे देऊळ. आम्ही उजाडायच्या आधी निघालो होतो. देवळाशी पोहोचलो तेव्हा धुके खाली दरीत होते आणि मांगीतुंगीचे दोन सुळके त्यातून वर आले होते, पलीकडे डांगचे जंगल. तिघांपैकी कोणीही अर्धा तास काही बोलले नाही. त्या सकाळनंतर मी जे काही लिहितो आहे ते जरा जास्त गोड झाले असेल तर वाचणाऱ्याने त्यातून चार आणे वजा करावेत. तरीही सांगतो की बागलाणातले किल्ले करणाऱ्यासाठी ओझरसारखा विमानतळ नाही, आणि यासाठी मुंबईला उतरणे हा शुद्ध मूर्खपणा आहे.

चढताना एकच जागा जपण्यासारखी आहे. खिंडीतून पुढे डाव्या अंगाला कड्यालगत जाणारी वाट काही ठिकाणी अरुंद आहे आणि डिसेंबरातही वाळलेल्या गवतावरून बूट घसरतो. मुक्कामासाठी गुहा असल्या तरी थंडी भयंकर पडते. निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत येथे वर काय होत असेल ते मोजून पाहण्यापेक्षा गावात राहिलेले बरे. वाघांब्यात घरगुती जेवण मिळते. वस्तीची गाडी चुकली तर दुसरे वाहन नसते, म्हणून जीप थांबवून ठेवावी.

विमानाने येणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्टोव्हचा गॅस विमानात कोणत्याच सामानातून नेता येत नाही, आणि दिंडोरी-वणीच्या बाजारात ट्रेकिंगच्या स्टोव्हची डबी मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही चुलीवरच निभावले. काठ्या मोठ्या सामानात टाका, पॉवर बँक हातातल्या पिशवीत. धावपट्टी संरक्षण क्षेत्रातली आहे, तेव्हा उतरल्या उतरल्या शिडीवरून फोटो काढत बसू नका. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते, आणि धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन आठवडे सगळी प्रवासी उड्डाणे बंद होती, हे ध्यानात ठेवून परतीच्या दिवशी सकाळी गड आणि दुपारी विमान असला शहाणपणा करू नका. आम्ही एक रात्र मध्ये ठेवली होती, म्हणून शेवटचा दिवस निवांत गेला.

परतीला तोच जीपवाला वणीहून आतल्या रस्त्याने थेट जानोरीला घेऊन आला. द्राक्षांच्या बागांतून जाणारा रस्ता, एकही सिग्नल नाही, वणीपासून सव्वा तास. वाघांबे ते विमानतळ या सगळ्या फेरीचे त्याने, एक रात्र थांबून, जेवढे पैसे घेतले ते पहिल्या दिवशी निरगुडपाड्यासाठी मागितलेल्या रकमेपेक्षा थोडेच जास्त होते, आणि तेही तिघांत वाटून. विमानाला वेळ होता म्हणून जानोरीच्या चौकात चहाला थांबलो. समोर एक रिक्षा माणसे भरत होती, चालक ‘दहावा मैल, दहावा मैल’ असे ओरडत होता. माणशी किती, असे मी विचारले. तीस रुपये. सॅकचे वेगळे पडतील का, तर तो म्हणाला, पुढे माझ्याजवळ ठेवा, त्याचे कसले पैसे. टर्मिनलच्या दारात या रिक्षा येत नाहीत, गावाच्या चौकापर्यंत चालत यावे लागते. दारातल्या गाड्यांशी हुज्जत घालण्याऐवजी पाठीवर सॅक चढवून सरळ चालू लागा.