तुम्ही लावलेले दिवे लागतात का अजून?

लग्नात, तेरवीला, परतवाड्याच्या बसमध्ये, कुठेही गेले तरी हाच प्रश्न. मामा विचारतात, "का व बाई, तुह्या त्या मेळघाटातल्या सोलरचे दिवे लागतात का अजून?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचं कोणीतरी उत्तर देऊन टाकतं, "सरकारी काम, दोन वर्षांत बंद." इतकी वर्षं मी विषय बदलत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतेच.

काही लागतात. बरेच बंद आहेत. पण तुम्ही समजता त्या कारणाने नाही.

आधी एक करा, तुमच्या गच्चीवरच्या सोलरशी त्याची तुलना थांबवा. ७८,००० रुपये अनुदान घेऊन तीन किलोवॅट बसवलेत. दिवसाची जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री त्याच तारेतून घरात येते. बॅटरी नाही, तर बिघडेल काय? जंगलातल्या घराला तारच नाही. दुपारचं ऊन रात्रीसाठी घरातच साठवायचं, तेही शिसं-ॲसिडच्या बॅटरीत. मे महिन्यात तो कोपरा किती तापतो ते हात लावून बघा. बॅटरीचं तापमान दहा अंशांनी वाढलेलं राहिलं की तिचं आयुष्य जवळजवळ अर्धं होतं. हा रसायनाचा नियम आहे, त्यात कोणी पैसे खाल्लेले नसतात.

"बॅटऱ्या हलक्या घातल्या असतील." नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक खेपेतल्या बॅटऱ्या तपासून घेतल्या होत्या.

"लोकांना वापरता येत नाही." हे वाक्य माझंच आहे. आढावा बैठकीत मी ते कितीदा बोलले असेन. मागच्या ओळीत बसलेल्या साहेबांनी मान डोलावली की मला बरं वाटायचं. ते वाक्य बोलणं मी सोडलं एका ऑगस्टनंतर, ती हकिगत जरा लांबवून सांगते.

सप्टेंबर २०१७मध्ये घरोघरी वीज पोचवायची सौभाग्य योजना जाहीर झाली. जिथे तार पोचत नाही तिथल्या घराला काय द्यायचं ते त्यात लिहिलेलं होतं: २०० ते ३०० वॉटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. त्याआधी याच डोंगरात ३७ वॉटच्या पॅनलवर दोन सीएफएल लावलेली घरं मी पाहिली होती. त्यामुळे ती यादी वाचून मला खरोखर आनंद झाला. आमच्या ठेकेदाराकडे जुळणीचं डिझाइन माझ्याकडे होतं. कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि दिव्यांच्या मधली पेटी, कोणता, तो किती व्होल्टला लोड, म्हणजे दिवे-पंखा, तोडेल, हे माझ्या सहीने गेलं.

ऑगस्टमध्ये देखभालीच्या फेरीत एका कोरकू घरात शिरले. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. भिंतीवरचा कंट्रोलर उघडला तर बॅटरीची तार आणि दिव्यांची तार मधल्या पेटीला वळसा घालून सरळ एकमेकींना जोडलेली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून जोडावर घट्ट गुंडाळलेली होती. सफाईने केलेलं काम होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी ती तार ओढून काढली. घरमालकाला समोर बसवून सुनावलं. बॅटरी अकरा व्होल्टच्या आसपास आली की ही पेटी दिवे बंद करते, ते बॅटरी वाचवायला. तुम्ही असं डायरेक्ट केलं तर बॅटरी तळाला जाते, आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं, मग ती भरत नाही. वॉरंटीही जाते. तो फक्त "हो मॅडम" म्हणत राहिला.

दुपारी थोडं उघडलं. तेवढ्या उजेडावर कंट्रोलरने लोड परत चालू केला. पुन्हा पाऊस आला आणि संध्याकाळी नाल्याला पूर. आमचा टेक्निशियन आणि ड्रायव्हर शाळेत झोपायला गेले, मला त्याच घरात जागा मिळाली. कुटकीचा भात ताटात होता. पावणेनऊच्या सुमाराला दिवे गेले. कुठे काही बिघडलं नव्हतं. मी दुरुस्त केलेल्या पेटीने मी सांगितलेल्या व्होल्टला मी सांगितलेलं काम केलं होतं.

कोणी काही बोललं नाही. बाईने चुलीतलं लाकूड पुढे सरकवून फुंकर घातली. त्या लालसर उजेडात तिने तान्ह्या पोराखालची जमीन हाताने चाचपून पाहिली, मग गोधडीची घडी उलगडून झटकली. पावसाळ्यात मण्यार घरात येते आणि माणसं जमिनीवर झोपतात. रॉकेल नव्हतं. माझ्या मोबाइलची बॅटरी लाल रेघेवर होती.

थोड्या वेळाने तो अंधारातून म्हणाला, "मॅडम, तार वापस लावू का?"

मी म्हटलं, "लावा."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती बॅटरी मेली. अहवालात 'गैरवापर' असा रकाना होता. त्यात खूण मीच केली.

परत आल्यावर मी जुनी कागदपत्रं काढली. डिझाइनच्या पहिल्या मसुद्यात समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'पंखा वेगळा?' आणि त्यावर काट. म्हणजे सुचलं होतं. पंखा आणि दिवे कंट्रोलरच्या एकाच टोकाला न जोडता पंखा आधी तोडायचा आणि एक दिवा शेवटपर्यंत राखायचा. पंखा २० वॉटचा. त्या दिवशी बाळासाठी तो दहा तास चालला, म्हणजे २०० वॉट-तास गेले. तेवढ्यात पाच वॉटचा एक दिवा ४० तास जळला असता. हा हिशेब पाचवीतलं पोर करेल.

तेव्हाची मी गप्प बसत नाही, भांडते. निविदेत दोन टोकं नव्हती. कंट्रोलर बदलला की नमुना पुन्हा लॅबमध्ये, पुन्हा मंजुरी, आणि घरं आणखी एक पावसाळा अंधारात. दर ठरलेला, त्यात दर घरामागे वाढलेला खर्च कोण भरणार? तिचं म्हणणं खोटं नाही. पण तिने हे कोणाला विचारलंच नव्हतं. पत्र नाही, फोन नाही. नुसती काट.

वर्षभराने त्याच घरी गेले तेव्हा ही गोष्ट मी त्यांच्यापुढे मांडली. पंखा आधी बंद झाला, दिवा राहिला, तर चालेल का? घरातली बाई कोरकूत बराच वेळ बोलली. तो म्हणाला, "ती म्हणते, पंखा बंद झाला तर पोराला डास खातात. पेटीने कशाला ठरवायचं? किती उरलं ते दिसलं असतं तर दुपारी मीच पंखा बंद केला असता."

मी वर पाहिलं. कंट्रोलर आढ्याजवळ, पोरांचा हात पोचू नये म्हणून मीच सांगितलेल्या उंचीवर. त्यावर एक हिरवा ठिपका आणि एक लाल. लाल लागतो तोवर पंधरा-वीस मिनिटं उरलेली असतात, आणि तो कशाचा आहे हे त्या घरात कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता लिथियमच्या बॅटरीचे संच येतात. त्यांना पाणी घालावं लागत नाही, उन्हातही त्या जास्त टिकतात. नव्या डिझाइनमध्ये मी पंखा वेगळा केला आहे. माझा सहकारी म्हणतो, ती बाई म्हणाली तसं चार ठिपक्यांचं मीटर चुलीच्या उंचीला लावू आणि निर्णय तिच्यावर सोडू. मी म्हणते, चार दिवसांच्या झडीत रात्री दोन वाजता ठिपके मोजायला कोण उठणार? तो म्हणतो, ती उठेल. आमचं यावर अजून भांडण चालू आहे.