सोलापूरहून ऐरोलीला: चालणारे मासे पाहण्यासाठी

पाणपक्षी पाहायचे असतील तर सोलापूरकरांना उजनीचा फुगवटा जवळ आहे; परांवर चालणारा मासा पाहायचा असेल, तर मात्र खाडी गाठण्यावाचून इलाज नाही. समुद्रतळावर चालणारे बहुतेक मासे आपल्या आवाक्यात येत नाहीत. टास्मानियातील हँडफिश होबार्टजवळ डरवेंट नदीच्या मुखात हातांसारख्या परांवर तळ तुडवतो. सी रॉबिन छातीच्या परांतून सुट्या झालेल्या तीन-तीन काड्यांवर चालतो आणि त्याच्या काही जाती त्यांनीच वाळूत दडलेले भक्ष्य हुडकतात. ते पाहण्यासाठी पाणबुड्याचा पोशाख चढवावा लागेल. निवटीचे, म्हणजे खाडीच्या चिखलात राहणाऱ्या आणि परांवर चालणाऱ्या माशाचे (इंग्रजीत मडस्किपर), तसे नाही, कारण ती ज्या तळावर राहते, तो ओहोटीला दिवसातून दोनदा उघडा पडतो.

त्यासाठी आम्ही ठाणे खाडीकाठचे ऐरोलीचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र निवडले. रात्री सोलापुरातून निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी ठाण्याला उतरवते. तेथून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल ऐरोलीला नेते आणि स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. पहाटेची वंदे भारत मुंबई परिसरात दुपारच्या सुमारास पोहोचते, त्यामुळे या कामासाठी ती उशिराची ठरते.

गाडीच्या आरक्षणाआधी तिथी पाहावी, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला चिखल अधिक दूरवर उघडतो खरा, परंतु तो सकाळी लवकर आणि संध्याकाळी, त्यामुळे रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. कोणत्याही पंधरवड्यातील षष्ठी ते नवमी हे दिवस सोयीचे आहेत. ओहोटीचे पाणी तेव्हा फार दूर हटत नसले, तरी निवट्या कांदळवनालगतच्या वरच्या चिखलातच असतात. खाडीच्या आतल्या भागात वेळ थोडी पुढे सरकते, म्हणून अखेरचा निर्णय भरती-ओहोटीचे छापील तक्ते पाहूनच घ्यावा.

कांदळवनातील लाकडी पायवाटेवरून प्रथम नुसता राखाडी चिखल दिसला. पावलांची धडधड थांबवून काही वेळ स्तब्ध उभे राहिल्यावर बिळांच्या तोंडाशी डोळे वर आले आणि मग एकेक निवटी बाहेर पडली. छातीचे दोन्ही पर ती एकाच वेळी पुढे टाकते, त्यांवर अंग उचलते आणि कुबड्या घेतलेल्या माणसासारखी पुढे झोकते. पर पुन्हा पुढे नेईपर्यंत भार पोटाखालच्या परांवर असतो. शेपूट यात केवळ मागे ओढली जाते. ती कामी येते उडी मारताना. काही निवट्या ओठ चिखलाला लावून डोके डावी-उजवीकडे फिरवत सूक्ष्म शेवाळ खरवडत होत्या. हद्दीवरून दोघांची जुंपली की पाठीचे पर ताठ होतात आणि जबडे उघडतात. त्यांचे डोळे मधूनच खोबणीत बुडत होते, ते ओले होण्यासाठी. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतील प्राणवायू घेता येत असल्याने त्यांना पाण्याबाहेर राहणे जमते, मात्र अंग ओले राहिले पाहिजे. जे दिसत नाही ते अधिक नवलाचे: काही जातींत नर तोंडात हवा भरून ती बिळातील अंड्यांच्या कप्प्यात नेऊन सोडतो.

आमच्यातील एकाने हे मासे चवीला कसे लागतात, याची चौकशी तेथेच सुरू केली. कोळी आणि आगरी घरांत निवटीचे कालवण आवडीने होते, एवढेच त्याला सांगितले.

दुर्बीण अवश्य न्यावी, कारण निवट्या पायवाटेजवळ क्वचितच येतात. डोक्यावर टोपी आणि अंगावर फिक्या रंगाचे कपडे असावेत. चिखलात उतरू नये, तो माणसाला सोडत नाही आणि बिळेही मोडतात. फ्लेमिंगो पाहण्यासाठी जाणाऱ्या नौकेला पाणी लागते आणि निवटीला उघडा चिखल, त्यामुळे दोन्ही एकाच तासात साधत नाहीत. एकाच दिवशी दोन्ही हवे असल्यास नौकेची वेळ आधी विचारून घ्यावी. केंद्राचा साप्ताहिक सुट्टीचा दिवसही निघण्यापूर्वी फोनवर विचारावा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली, तर जेवणासाठी ओहोटी सोडून बाहेर जावे लागत नाही. फक्त ती पायवाटेवर खाऊ नये.