गाण्यातला ‘तू’ कोण?

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत करुणात्रिपदी म्हटली जाते. टेंबे स्वामींची ही पदं म्हणजे देवाची मनधरणी: शांत हो, तूच दंड करायला निघालास तर आम्ही धावा कोणाचा करायचा? हे कानावर पडत वाढलेल्याला इंडी रॉकमधली, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रॉक संगीतातली, देवाशी भांडणारी गाणी खरं तर सोपी जायला हवीत. तरी रामबागेतला एखादा पोरगा हेडफोन काढून जाहीर करतोच, ‘भिया, हा गायक तर नास्तिक निघाला!’

इतकी घाई नको. आधी गाणं कोणाशी बोलतंय ते बघावं. अमेरिकन गायक सुफियान स्टीव्हन्सचं २००५ मधलं ‘कॅसिमिर पुलास्की डे’ घ्या. पुलास्की हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पोलिश सेनानी. त्याच्या नावाची सुट्टी इलिनॉय राज्यात मार्चच्या पहिल्या सोमवारी असते. गाणं आहे हाडांच्या कॅन्सरने गेलेल्या मैत्रिणीचं. यातला ‘तू’ म्हणजे ती मुलगी. देव सगळीकडे ‘तो’. मंगळवारी बायबलच्या वर्गात मुलं हात उंचावून तिच्यासाठी प्रार्थना करतात. होत काहीच नाही.

खरी गंमत शेवटच्या कडव्यात आहे. तिथे ‘घेणे’ हे एकच क्रियापद फिरत राहतं. त्याने आमची जागा घेतली, म्हणजे ख्रिस्ताने आमच्यासाठी क्रूस पत्करला. मग त्याने माझे खांदे धरले. आणि मग तो घेतो, घेतो, घेतो. आधीचा भूतकाळ इथे वर्तमानकाळ होतो. बायबलमध्ये ‘ईयोब’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ असं आहे. गाण्यात दिल्याचा हिशेब शेवटी येतच नाही. शब्द संपतात, पण संगीत चालूच राहतं. नुसते छापील शब्द वाचणाऱ्याला एवढा भाग कळतच नाही, म्हणून पहिल्यांदा गाणं शब्द समोर न ठेवता ऐकावं.

छापील शब्दांची आणखी एक खोड: इंग्रजी ‘ही’ (He, म्हणजे ‘तो’) मोठ्या एचने लिहिलं की देव, लहानने लिहिलं की कोणीतरी बुवा. कानाला हा फरक ऐकू येत नाही. नेटवरचे शब्द बहुतेकदा चाहत्यांनी टाईप केलेले असतात, त्यामुळे तो मोठा एच हा त्यांचा अर्थ झाला. आधीच्या ओळी तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

व्हॅम्पायर वीकेंड या बँडच्या ‘या हे’त (२०१३) मात्र देव समोरच आहे. शीर्षकातच ‘याह्वे’, म्हणजे बायबलमधल्या देवाचं हिब्रू नाव, दडलंय, आणि ध्रुवपदात तेच शब्द मुद्दाम चढवलेल्या चिरक्या आवाजात येतात. तक्रार अशी, की तू तुझं नावसुद्धा सांगत नाहीस. संदर्भ बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा: पेटूनही न जळणारं झुडूप, त्यातून बोलणाऱ्या देवाला संदेष्टा मोशे नाव विचारतो, उत्तर येतं, ‘मी आहे तो आहे.’ ही ओळ ठाऊक नसेल तर गाणं नुसतं रुसव्याचं वाटतं.

गायक डेव्हिड बझानचं २००९ मधलं ‘व्हेन वुई फेल’ (When We Fell, ‘आम्ही पडलो तेव्हा’) आणखी कडक. काय होणार हे ठाऊक असूनही तू आम्हाला असंच घडवलंस, तर दोष तुझाच, असं तो म्हणतो, आणि हे म्हणतानाही ‘प्रभू’ अशीच हाक मारतो. इथे आपल्याला तुकोबा आठवणारच. ‘माझे लेखीं देव मेला’ म्हणणाऱ्या तुकोबांना देहूत कोणी नास्तिक ठरवलं नाही.